मोनालिसाला नथ घातली, पुढे काय?

पत्र लांबलचक आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं देते. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी, पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी लिहिते:

"ताई, आमच्या प्रोजेक्टचा विषय आहे किच आणि हाय आर्ट. मी फेमस पेंटिंग्ज घेतली आणि फोटोशॉपमध्ये देशी केली. मोनालिसाला नऊवारी आणि नथ, लास्ट सपरच्या टेबलावर शेव उसळ, स्टारी नाइटच्या खाली आपला सूरसागर तलाव, अशा बारा प्रिंट्स झाल्या. इन्स्टावर सगळ्यांना जाम आवडल्या, पण रिव्ह्यूला सर हसले आणि म्हणाले, मजा आली, पण मग? मला काही बोलताच आलं नाही. डिस्प्लेला सात आठवडे आहेत. सगळं टाकून देऊ का? आणि किच म्हणजे नक्की काय हे मला अजून कळलेलं नाहीये, प्रत्येक जण वेगळं सांगतो. तसं आमच्या घरातच किच भरपूर आहे, आजीच्या देवघरात टिकल्या लावलेली लक्ष्मीची जुनी तसबीर आहे, मैत्रिणी आल्या की मी देवघराचं दार लोटून घेते." खाली सही: गोंधळलेली.

अगं गोंधळलेले,

तू पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. शेव उसळवाल्या प्रिंटला मी पण हसले, खोटं कशाला बोलू, त्या बाजूच्या शिष्याच्या हातात पावाचा तुकडा आणि समोर तर्रीची वाटी, मस्त जमलंय. पण दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा हसू आलं नाही, आणि तिसऱ्यांदा बघायची इच्छाच झाली नाही, तुझ्या सरांचं "पण मग?" बहुतेक तिथलंच आहे. जोक वाईट नाहीये, तो एकदा सांगून संपतो एवढंच, आणि तू तोच जोक बारा वेळा सांगितलायस.

मोनालिसाला मिशी काढून फ्रेंच चित्रकार द्युशाँला १०० वर्षं होऊन गेली, १९१९ सालची गोष्ट. पण त्याने मिशी कशावर काढली ते बघ. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधल्या पेंटिंगवर नाही, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पोस्टकार्डावर. म्हणजे त्याची खोडी लिओनार्दोशी कमी आणि त्या पोस्टकार्डाशी जास्त होती, त्या चित्राला नमस्कार करत घरोघरी जे कार्ड ठेवलं जात होतं त्याच्याशी. तुझ्या मोनालिसात असं पोस्टकार्ड कुठे आहे? तुझ्याकडे एक जेपेग आहे, गूगलवरून घेतलेली, जी तू कधी प्रत्यक्ष बघितली नाहीस, तुझ्या घरात कधी लागली नाही, तुझ्या आईने कधी पुसली नाही. तिची थट्टा करून तुला काहीच गमवावं लागत नाही, आणि म्हणून बघणाऱ्याला पण काही मिळत नाही.

आता किच म्हणजे काय. शब्द जर्मन, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या चित्रबाजारात आला, पटकन खपणाऱ्या स्वस्त चित्रांसाठी. पुढे १९३९ मध्ये ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन समीक्षकाने त्यावर एक मोठा निबंध लिहिला आणि तेव्हापासून आर्ट कॉलेजात तो शब्द शिवीसारखा वापरतात. त्याचं म्हणणं साधारण असं की किच म्हणजे चावून मऊ करून भरवलेला घास, बघणाऱ्याला काही करावंच लागत नाही, काय वाटून घ्यायचं ते चित्रातच आधी ठरलेलं असतं. ठीक आहे, कामाची व्याख्या आहे. पण ती लावून बघ तुझ्या बारा प्रिंट्सना. नथ दिसली, मोनालिसा दिसली, हसू आलं, लाइक दिला, पुढे. चावून मऊ केलेला घासच ना हा? आणि आता तीच व्याख्या आजीच्या तसबिरीला लाव, म्हणजे गंमत कळेल, कारण तिथे ती बसतच नाही.

त्या तसबिरीकडे जरा येऊ या, मला राहवत नाहीये.

तू लिहिलंयस टिकल्या लावलेली जुनी लक्ष्मी, कमळावर उभी, चार हात, एका बाजूला हत्ती. नव्वद टक्के हे रवि वर्म्याचं ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र, किंवा त्याची कुणीतरी नंतर मारलेली कॉपी असणार. आणि तू बडोद्यात राहतेस गं! म्हणजे ही गोष्ट जिथे सुरू झाली तिथेच तू बसलीयेस आणि मोनालिसा शोधायला पॅरिसला गेलीस. १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याचे अधिकार मिळाले तेव्हा रवि वर्मा इथे आला. त्याला बोलावण्यात दिवाण टी. माधवरावांचा हात होता, जे तंजावरचे मराठी, आपल्यासारखेच मूळ गाव सोडून दुसरीकडे मुरलेले. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याला १४ पौराणिक चित्रं सांगितली, राजवाड्यासाठी. ती १८९० च्या सुमाराला झाली, आणि इथे येण्याआधी मुंबईत दाखवली तेव्हा बघायला लोकांची ही गर्दी. दमयंती, शंतनू, नळ, कृष्णजन्म ही मंडळी मोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात, युरोपियन पद्धतीच्या उजेडात, खऱ्या बायांसारख्या साड्या नेसून, असं लोकांनी आधी बघितलंच नव्हतं.

पण राजवाड्यात कोण जाऊ शकणार? ही चित्रं छापून घरोघरी पोहोचवा असं माधवरावांनीच सुचवलं होतं. मग १८९४ मध्ये मुंबईत प्रेस निघाली, जर्मन मशिनं, जर्मन कारागीर, काही वर्षांनी ती मळवलीला हलली, कार्ल्याच्या लेण्यांना जाताना उतरतात ते मळवली. दगडावर छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि शेवटी कागदाला तेलरंगाच्या कॅनव्हाससारखा खरखरीतपणा आणि चकाकी द्यायची म्हणून नाव ओलिओग्राफ. म्हणजे कागद असून पेंटिंग असल्याचं सोंग. यापेक्षा जास्त किच काय असतं सांग.

आणि मग जे झालं ते मला सगळ्यात भारी वाटतं. बायकांनी ते प्रिंट घरी आणले आणि त्यावर काम सुरू केलं. साडीच्या जागी खऱ्या कापडाचे तुकडे, मखमल, रेशीम, काठाला जर, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या, कुठे कुठे आतून कापूस भरून पदर फुगवलेला. चेहरा, हात, पाय मात्र छापील तसेच ठेवायचे. नीट बघ, जवळजवळ प्रत्येक तसबिरीत हे असंच असतं. चेहऱ्याला हात लावायचा नाही, तो देवीचा. बाकी सगळं आमचं, आम्ही नेसवणार. तर आता मला सांग, हाय आर्टची इमेज घेऊन तिच्यावर पुन्हा काम करणं, तुझ्या प्रोजेक्टच्या विषयात जे लिहिलंय ते, तुझ्या पणजीने का खापरपणजीने दुपारची भांडी झाल्यावर बसून केलेलं आहे आणि तू मैत्रिणी आल्या की त्याच्यावर दार लोटतेस.

रागवत नाहीये हं. मी यापेक्षा वाईट केलंय. कॉलेजात असताना मला कोलाज करायचं होतं, घरी माळ्यावर आईने दहा-बारा वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून ठेवली होती, मी त्यातले देव छान कापून घेतले आणि खालचा तारखांचा भाग कचऱ्यात टाकला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं देव कापले म्हणून. तर नाही, त्या तारखांच्या चौकोनात तिने सगळं लिहिलेलं होतं, दूध नाही, सिलेंडर लावला, माझे दात पडल्याची तारीख, बाबांचा पगार उशिरा झाला तो महिना. देव तर दरवर्षी नवीन मिळतो, ती म्हणाली. माझं कोलाज सगळ्यांना आवडलं, मार्क पण बरे मिळाले, आणि खरं काम मी कचऱ्याच्या डब्यात टाकून आले होते. ते मला कळायला पुढे किती वर्षं गेली ते विचारू नकोस.

तेव्हा सात आठवड्यांत काय करायचं ते सांगते, जसं सुचेल तसं, क्रमाने नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बनवू नकोस. आजीला विचारून तसबीर खाली उतरव. विचारून म्हणजे खरंच विचारून, पूजेतली वस्तू आहे, ती म्हणाली अमुक दिवशी नको तर नको. काच काढायच्या फंदात पडू नकोस, जुने कागद काचेला चिकटलेले असतात, काच उचललीस की देवीचा गाल काचेबरोबर येईल. काचेसकटच फोटो काढ, खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश बंद, आणि स्वतःच्या समोर काळी चादर धर म्हणजे काचेत तुझंच तोंड दिसणार नाही. आडव्या उजेडाने टिकल्यांची सावली पडते आणि कुठे कापूस भरलाय, कुठे टाके आहेत, कुठे नुसता गोंद आहे ते कळतं. मागची बाजू पण बघ, पुठ्ठा सुटा असेल तर टाके मागून दिसतील, कुठे दोरा बदललाय, कुठे गाठ आलीये. एखाद्या ठिकाणी टिकल्या वेगळ्या असतील तर समज की नंतर कुणीतरी दुरुस्ती केलीये, आणि ते कोण ते फक्त आजीला माहीत असणार. ती बोलेल तेव्हा फोनवर रेकॉर्ड कर, पण तिला सांगून. आणि "आजी, याचं महत्त्व काय" असले टीव्हीवाले प्रश्न नकोत, टिकल्या कुठून आणायचे, साडीचा तुकडा कुणाच्या साडीचा, एवढंच विचार, बाकीचं ती आपोआप सांगेल.

मग राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंह म्युझियममध्ये जा, रवि वर्म्याची ओरिजिनल बघ. स्केचबुक घेऊन एका चित्रासमोर तासभर बस, फोटो काढायची परवानगी असली तरी नको काढू. घरची तसबीर आणि ते तेलचित्र यांच्यात काय काय गळलं आणि काय काय वाढलं ते लिहून काढ. मी पैज लावते, सावल्या गळलेल्या असतील आणि चमक वाढलेली असेल. युरोपचं ऑइल पेंटिंग बघायचं असेल तर पॅरिसला जायची गरज नाही, कमाटी बागेतल्या म्युझियमला लागूनच पिक्चर गॅलरी आहे, आपण सगळे लहानपणी देवमाशाचा सांगाडा आणि ममी बघून आइस्क्रीम खायला बाहेर पळालो म्हणून ती राहून गेली. तिची बिल्डिंग १९१४ मध्ये तयार होती पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि गॅलरी उघडली १९२१ मध्ये. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, तुझ्या घरापासून चालत, तिथे तर भिंतीच्या भिंती रंगवलेल्या, कृष्णलीला आणि महाभारत आणि मराठे-इंग्रज लढाई एकाच घरात. हाय आणि लो हे कप्पे त्या चितारींनी केलेलेच नव्हते.

नंतर हाताने काम. ती तसबीर कॉपी कर, फोटोशॉपमध्ये नाही, सुई-दोऱ्याने. देवीचा रंगीत प्रिंट जाड कागदावर काढ, मंगळबाजारातून टिकल्या-लेस आण, आणि पणजीने जे केलं ते टाक्याला टाका कर. पहिली अगदी बेकार होईल, कागद फाटेल, करत राहा. तिसऱ्या-चौथ्याला तुला कळायला लागेल की तिने कुठे घाई केली आणि कुठे रमली. मला वाटतं प्रोजेक्टला तिथे सुरुवात होईल. त्यापुढे काय करायचं हे मी नाही सांगणार, ते तू ठरवायचं, पण एक सुचवते, तो चेहरा-हात-पाय न झाकायचा नियम पकड. नियम उलटा केला तर? फक्त चेहरा झाकला आणि बाकी उघडं कागदाचं ठेवलं तर? प्रिंटच काढून घेतला आणि नुसतं टिकल्यांचं, कापडाचं कवच उरलं तर? तसली रिकामी साडी चौकटीत उभी असलेली मला तरी बघायला आवडेल.

रेफरन्स सर मागणारच. भूपेन खखर बघ, मुंबईचा सीए, १९६२ मध्ये बडोद्यात आला, इथे नोकरीत हिशेब लिहीत लिहीत चित्रं काढली. साठच्या दशकात त्याने देवांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून कोलाज केले, तेव्हा आर्टवाल्यांनी नाकं मुरडली. पण तो तिथे थांबला नाही हे महत्त्वाचं, पुढे १९७२ मध्ये त्याने घड्याळ दुरुस्तीचं दुकान रंगवलं, बोर्डासकट, आणि त्यात त्या माणसाला हसणं नाहीये. तो त्या लोकांमध्येच राहिला, त्यांच्याकडे चहा प्यायला. दुसरी पुष्पमाला एन., इथल्याच फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिल्पकला शिकली, २००० ते २००४ मध्ये फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर फोटोंची मालिका केली, त्यात ती स्वतः रवि वर्म्याची लक्ष्मी होऊन उभी राहिली. मागे रंगवलेला पडदा, दागिने, कमळ, सगळा नाटकाचा सेट. त्यात पण हसू येतं, पण ते संपत नाही, कारण इतकी मेहनत करून ती बाई त्या मुकुटाखाली जरा अवघडून उभी आहे आणि ते अवघडलेपण आपल्याला माहितीचं असतं, लग्नात स्टेजवर तासन्‌तास उभं राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचार.

कॉपीराइटचं पण विचारलंयस. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. रवि वर्मा १९०६ मध्ये गेला, म्हणजे प्रश्नच नाही, स्टारी नाइटवाल्या व्हॅन गॉगचाही नाही. पिकासो १९७३ मध्ये गेला, त्याला हात लावायचा तर विचार करून, हुसेनचं तर अजून बरीच वर्षं नाही.

आणि देवाचा विषय आहे म्हणून एक बोलते. २००७ मध्ये इथल्या त्याच फॅकल्टीत परीक्षेसाठी लावलेल्या कामावरून एका विद्यार्थ्याला अटक झाली होती, तुझ्या सीनियर्सना सगळं माहितीये. घाबरून विषय सोड असं मी अजिबात म्हणणार नाही, तसं असतं तर आधीच म्हटलं असतं की मोनालिसाच बरी. पण काम लावण्याआधी आजीला दाखव. ती पास करेल म्हणून नाही, तिला कुठे खुपतं ते तुला माहीत पाहिजे म्हणून, मग ठेवायचं की काढायचं ते तुझं तू ठरव आणि सर विचारतील तेव्हा त्याचं उत्तर तुझ्याकडे असू दे. पणजीच्या मूळ तसबिरीला मात्र कात्री लावायची नाही, ती डिस्प्लेलाही न्यायची नाही, ती आजीची आहे.

स्टेटमेंट लिहिताना "परंपरा आणि आधुनिकतेचा संगम" असलं एकही वाक्य नको, प्लीज, मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता दिसलं तरी डोकं दुखतं. दीडशे शब्दांत तसबीर कुणाची, टिकल्या कुणी लावल्या, तू काय बदललंस. दार लोटायचीस ते पण लिही, जमलं तर.

बारा प्रिंट्स टाकू नकोस. एका जुन्या फाइलमध्ये घालून टेबलावर ठेव, सरांना चाळू दे, सुरुवात कुठून झाली ते दिसेल. शेव उसळवाली मला एक पाठव, फ्रीजवर लावीन.

आणि ती मोनालिसाची नथ. तू ती आपल्याला डावीकडे दिसते त्या नाकपुडीत घातलीयेस, म्हणजे तिच्या उजव्या. आपली नथ डाव्या नाकपुडीत असते गं. आजीला प्रिंट दाखवलीस तर ती पहिलं तेच म्हणेल.